कप्तानाचा दात

"मला कुणी फसवून दाखवावं!" ताईच्या दुकानात, शिलाई मशीनला टेकून, हातातला चहाचा कप हलवत मी म्हणालो. "सव्वीस वर्षं दात बनवतोय. दात बघितले की माणूस खरा की खोटा, दोन मिनिटांत सांगतो."

ही बढाई मी गुरुवारी सकाळी अकरा वाजता मारली. अकरा वाजून दोन मिनिटांनी तिचा निकाल लागला. फक्त तो मला कळायला तीन दिवस गेले.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. वय सत्तावन्न. पडदे शिवते. शिवण एक सूत वाकडी गेली तर अख्खा पडदा उसवते आणि गिऱ्हाइकाला म्हणते, "तुमची खिडकीच वाकडी आहे." भावोजी गेले त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तिला कुणी उलटून बोललेलं नाही, कारण तेवढी सवडच ती कुणाला देत नाही. अशा बाईला दोन महिन्यांपूर्वी, भरतकामाचे नमुने टाकतात अशा एका ग्रुपवर, एका जहाजाच्या कप्तानानं लिहिलं, "आपला टाका फार सुंदर आहे." चौथ्या दिवशी त्याचं तिच्यावर प्रेम बसलं. पाचव्या दिवशी तो म्हणाला, ग्रुपवर नको, आपण वेगळं बोलू, आणि घरात कुणाला सांगू नकोस, लोक जळतात.

ताईनं घरात सगळ्यांना सांगितलं. तिच्या पोटात गुपित राहत नाही, हा एक उपकारच म्हणायचा.

"छोट्या, तूच बघ बाबा," ताईनं फोन माझ्यापुढं धरला. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, माझी दाढ पडलीय, तरी तिच्या लेखी मी छोट्याच. "तुझी बायको म्हणते, हा माणूस अस्तित्वातच नाही."

माझी बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. ती तिथंच, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून शेंगा सोलाव्यात तसं एकेक वाक्य सोलत होती.

"माझ्या खिडकीशी रोज शंभर माणसं खोटं बोलतात, ताई. मला वास येतो. दोन महिन्यांत एकदा तरी समोर दिसला का हा? व्हिडिओवर?"

"समुद्रात नेटवर्क नसतं."

"मग दिवसातून चाळीस मेसेज कसे येतात? बाटलीत घालून?"

"मेसेजला कमी नेटवर्क लागतं. ते म्हणाले मला."

"आणि परवा त्यानं विचारलं, शाळा सुटली का? तुम्ही कधीपासून शाळेत जायला लागलात?"

"माणूस दमतो, अगं! वादळात असतो तो. बोलताना इकडचं तिकडं होतं."

मी फोटो बघितला. पन्नाशीचा गडी. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, काखेत टोपी. हसत होता. आणि त्या हसण्यात, वरच्या ओळीत, समोरचा डावा दात किंचित आत झुकलेला होता. खालची कड घासल्यासारखी सपाट.

माझा कप हलायचा थांबला.

इथं माझा धंदा थोडा सांगायला हवा. मी दातांचा डॉक्टर नाही. मी दात बनवतो. पेशंट दवाखान्यात जातो, डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडाचा साचा घेतात, डबीत घालून माझ्याकडं पाठवतात. डबीवर नाव नसतं, नंबर असतो. मी साच्यावरून दात घडवतो, रंग देतो, भट्टीत भाजतो आणि त्याच डबीतून परत पाठवतो. म्हणजे अर्ध्या गावाचे दात मला पाठ आहेत, चेहरा एकाचाही माहीत नाही. रस्त्यात कुणी हसलं तर मी नमस्कार करतो. लोक म्हणतात काय प्रेमळ माणूस आहे. मी तोंडाला नाही, माझ्या मालाला नमस्कार करत असतो.

आणि हा दात माझा होता. नंबर एकशे चौदा. चार वेळा परत आलेला. मी आपला छान सरळ दात करून पाठवायचो, आणि डबीतून चिठ्ठी यायची, 'पेशंट म्हणतो, पूर्वी होता तस्सा तिरपा हवा.' जगात सगळे वाकडे दात सरळ करून घेतात, हा एकटा उलटा. चौथ्यांदा मी वैतागून कानस चालवली आणि दात असा झुकवला, की तो माणूस खूश झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी फोन करून कळवलं. तसा दात पृथ्वीवर दुसरा नाही.

"ताई," मी म्हणालो, "माणूस खरा आहे. शंभर टक्के. हा दात मी केलाय!"

ताईनं बायकोकडं असं बघितलं, की विचारू नका.

"आत्ता बोल!"

"दात खरा असेल हो," बायको म्हणाली. "पण दातामागून बोलतंय कोण?"

"म्हणजे काय? ज्याचा दात, तोच बोलणार!" मी म्हणालो. "माझा दात काय दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसणार आहे?"

ताईनं लगेच टाइप केलं, 'तुम्ही कधी आमच्या गावात दात करून घेतला होता का?' दोन मिनिटं काही आलं नाही. मग आलं, 'होय प्रिये! तुला कसं कळलं? हा नियतीचा संकेत आहे.'

"बघ!" ताई म्हणाली.

"बघ!" मी म्हणालो.

"तुम्हीच त्याला उत्तर पुरवलंत," बायको म्हणाली. "त्याला कुणी विचारलं असतं, शेपूट कापून घेतलं होतं का, तरी तो होयच म्हणाला असता."

आम्ही भावंडांनी दुर्लक्ष केलं. आमच्या घराण्यात ती कला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. कप्तानाला ताईकडं यायचं होतं, लग्न करायचं होतं, पण सुट्टी मिळत नव्हती. त्याच्या जागी दुसरा कप्तान पाठवायचा तर कंपनी म्हणे अनामत मागते, आणि ती घरच्या माणसानंच भरायची. स्वतःच्या सुट्टीसाठी पैसे भरायची पद्धत मी कुठंच ऐकली नव्हती, पण मी कधी जहाजावर चढलोही नव्हतो. ताईनं त्यासाठी आपलं दुकान शेजारच्या गादीवाल्याला तीन वर्षांसाठी द्यायचं ठरवलं. त्याचा ॲडव्हान्सही घेतला. बोली साधी होती. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत ताईनं पूर्ण ॲडव्हान्स परत केला तर दुकान तिचं. नाही केला, तर किल्ली गादीवाल्याची.

"दुकान गेलं तर तुम्ही करणार काय?" बायकोनं विचारलं.

"जहाजावर पडदे लागतात," ताई म्हणाली. "गोल खिडक्या असतात. कठीण काम आहे, पण करीन."

यावर बायकोनं गठ्ठ्यावरून उठून पर्स खांद्याला लावली आणि ती कामावर निघून गेली. तिच्या खिडकीवरची माणसं तिला अचानक शहाणी वाटायला लागली असावीत.

शुक्रवारी, माझ्या शंभर टक्क्यांवर विसंबून, ताईनं ॲडव्हान्सचा अर्धा भाग पाठवून दिला. उरलेला अर्धा सोमवारी जायचा होता.

शनिवारी मी कवळ्यांच्या तीन डब्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि ऐटीत म्हणालो, "आपला एकशे चौदा नंबर आठवतो? तिरपा दात? आता माझा भावोजी होतोय. जहाजावर कप्तान आहे."

बाईंनी तोंडावरचा मास्क खाली घेतला. "एकशे चौदा? गुरुवारी तर दात साफ करून गेला. चालत आला, चालत गेला. समुद्रात कधी शिरला?"

"गुरुवारी? किती वाजता?"

"अकराच्या सुमाराला. या खुर्चीत होता. तोंडात माझे दोन्ही हात होते."

गुरुवारी अकराच्या सुमाराला त्यानं ताईला नियतीचा संकेत पाठवला होता. बाईंचे दोन्ही हात तोंडात असताना.

"पेशंटचं नाव मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण रविवारी चार वाजता बागेत बँड असतो. बहिणीला घेऊन जा. आणि तुम्ही तोंड बंद ठेवा, जमलं तर."

रविवारी आम्ही तिघं बागेत गेलो. ताईला मी फक्त एवढंच म्हणालो की जरा गाणीबिणी ऐकू. माणूस समोर दिसला की तिला आपोआप उमगेल, असं माझं गणित. बँड उभा होता, अठरा माणसं, आणि पुढं, पांढऱ्याशुभ्र गणवेशात, सोनेरी पट्ट्या लावून, क्लॅरिनेट वाजवत, एकशे चौदा. क्लॅरिनेटचं टोक बरोब्बर त्या तिरप्या दाताखाली टेकवलेलं. तेव्हा मला कळलं की त्याला दात तस्साच का हवा होता. जन्मभर त्याच तिरपेपणावर त्याची फुंक बसली होती.

ताईनं माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांत पाणी.

"छोट्या... सुट्टी मिळाली रे!"

"ताई, नाही..."

"अर्ध्याच पैशांत सुट्टी मिळवली! आणि न सांगता आले! आणि बघ तरी, वाजवतातसुद्धा!"

"अहो ताई, थांबा!" बायको ओरडली, पण ताई केव्हाच खुर्च्यांच्या दोन रांगा ओलांडून गेली होती. गाणं मध्यावर होतं. तिनं सरळ जाऊन एकशे चौदाचा हात धरला. क्लॅरिनेटमधून कोंबडं चिरडल्यासारखा आवाज आला. मागून सोळा जण एकेक करत थांबले. शेवटी फक्त मोठा ढोल वाजत राहिला, कारण ढोलवाल्या बाईला पुढचं दिसत नव्हतं.

"कप्तान," ताई म्हणाली.

त्या माणसानं डोळे मिटले. दमलेला चेहरा. मग गणवेशाच्या वरच्या खिशातून त्यानं एक प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड काढलं आणि ताईच्या हातात दिलं. मी खांद्यावरून वाचलं. 'मी कप्तान नाही. मी कधीच जहाजावर नव्हतो. मला पोहता येत नाही. माझे फोटो चोरून कुणीतरी वापरतंय. मी तुमच्याकडून काही घेतलेलं नाही. माझी पत्नी ढोल वाजवते.'

ढोल थांबला. ढोलवाली बाई बाजूनं डोकावली.

"आणखी एक?" तिनं विचारलं.

"चौथी," तो म्हणाला. "या वर्षातली."

"ही बरी आहे. आधीची ट्रंक घेऊन आली होती."

"हे बघा बाई," तो ताईला म्हणाला, आवाज मऊ, पण अगदी घासून गेलेला, "एकदा स्पर्धेत वाजवतानाचे फोटो टाकले मी. चूक झाली. आता मी कुठं सर्जन आहे, कुठं पायलट आहे, एका ठिकाणी मी विधुर आहे आणि माझी लेक दवाखान्यात आहे. हिला तर त्यावर तीन लोकांनी सांत्वनाचे फोन केले. तक्रार करतो, खातं बंद होतं, दुसऱ्या दिवशी नवीन उघडतं. परवा मीच मला मैत्रीची विनंती पाठवली."

ताईनं कार्ड परत दिलं नाही. तिनं फोन काढला.

"मी विचारते," ती म्हणाली.

"ताई..."

"तू गप्प बस." तिनं टाइप केलं, 'आत्ता काय करताय?'

आम्ही सगळे उभे राहिलो. अठरा वाजवणारे, ऐकायला आलेले साठ-सत्तर लोक, सगळे. फोन किणकिणला. ताईनं मोठ्यांदा वाचलं.

"'डेकवर उभा आहे. भयंकर वादळ आहे. तुझा फोटो छातीशी धरलाय. सोमवारी विसरू नकोस.'"

समोर तो क्लॅरिनेट उलटा करून झटकत होता. त्यातली थुंकी गवतावर पडत होती.

ताईनं एकदा त्या थुंकीकडं बघितलं, एकदा फोनकडं. मग ती जवळच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची ट्रॉम्बोनवाल्याची होती, त्यानं तिच्यावरची आपली पेटी उचलून घेतली.

"मग आमच्या ह्यांच्या आजारपणाचं सगळं मी सांगितलं ते कुणाला?" ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात काय झालं, हे तर मी छोट्यालासुद्धा सांगितलेलं नाही."

ढोलवाल्या बाईनं तिला पाणी दिलं. ताईनं अर्धा ग्लास संपवला, आणि पाणी पोटात गेल्यावर तिचा मूळ स्वभाव वर आला.

"दात मीच केलाय म्हणालास!" ती माझ्यावर कडाडली.

"केलाच आहे!"

"शंभर टक्के म्हणालास!"

"दाताचं म्हणालो! दात शंभर टक्के आहे!"

"तर मग घेऊन जा तो दात आणि बस त्याच्याशी संसार करत!"

"हा दात तुम्ही केलात?" एकशे चौदा माझ्याकडं वळला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एखादं गिऱ्हाईक माझ्याशी तोंडानं बोलत होतं. मी छाती जरा पुढं काढली. "वरच्या सुरावर शिट्टी मारतो," तो म्हणाला. "तेवढं बघा."

घरी येताना बायकोनं काय करायचं ते सांगितलं. सोमवारी काही पाठवायचं नाही. मेसेज जपून ठेवायचे, पोलिसांत द्यायचे. बँकेला आत्ताच कळवायचं. आणि त्या नंबराला एक अक्षर न लिहिता तो बंद करून टाकायचा. ताईनं सगळं मान्य केलं. ॲडव्हान्सचा अर्धा भाग तिच्याकडं शिल्लक होता. उरलेला अर्धा मी माझी ठेव मोडून मंगळवारी दुपारी बारापर्यंत तिच्या खात्यात टाकायचा, पाचच्या आत ती गादीवाल्याला सगळा परत करणार. दुकान वाचलं. मलाच एवढं हायसं वाटलं, की मी वाटेत ताईला म्हणालो, "आता कुणी आपल्याला फसवून दाखवावं." बायको फुटपाथ बदलून पलीकडून चालायला लागली.

फक्त ताईनं एक गोष्ट केली. नंबर बंद करायच्या आधी तिनं त्याला शेवटचा मेसेज लिहिला. एक अक्षरही नको सांगितलं होतं, तिनं साडेतीन पानं लिहिली. सोमवारी सकाळी तिनं आम्हाला ते अभिमानानं वाचून दाखवलं. 'मेल्या, माझा छोट्या खंबीर आहे, हा घे त्याचा नंबर, हिंमत असेल तर त्याच्याशी बोल, मंगळवारी बाराला तो पैसे टाकतोय, गादीवाल्याच्या तोंडावर ॲडव्हान्स मारून दुकान सोडवतेय, तू बूड तुझ्या वादळात.'

"असं कशाला लिहिलंत?" बायकोनं कपाळाला हात लावला.

"न बोलता सोडू? माझ्या स्वभावात आहे का ते?"

सोमवारी मी लॅबच्या भिंतीवर एक कागद लावला. स्वतःच्या अक्षरात. कुणी घाई करत असेल, गुप्तता पाळायला सांगत असेल आणि पैसे मागत असेल, तर थांबायचं, आणि त्या माणसाला आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन लावून त्याचा आवाज ऐकायचा. डब्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला मी तो वाचायला लावला. कुरियरवाल्याला दोनदा.

मंगळवारी पावणेबारा वाजता माझ्या दोन्ही हातांत गरम मेण होतं. एका आजोबांची वरची कवळी मेणात बसवत होतो, मेण गार व्हायच्या आत बत्तीस सेकंदांत सगळं सरळ करावं लागतं. फोन वाजला. नवीन नंबर, ताईचा फोटो. 'छोट्या, मी ताई. त्या मेल्यामुळं नंबर बदललाय. जुन्या खात्यात टाकू नकोस, बँकेनं ते अडवलंय. हे घे नवीन. गादीवाला दारात उभा आहे, लवकर टाक. तुझ्या बायकोला सांगू नकोस, उगीच चिडेल.'

ताई मला आयुष्यभर अशाच भाषेत हुकूम देत आलीय. मी मेणाची बोटं पॅन्टला पुसली आणि पैसे टाकले. भिंतीवरचा कागद माझ्या पाठीमागं होता.

साडेबाराला ताईचा जुन्या नंबरावरून फोन आला. "बारा वाजून गेले, छोट्या. टाकतोयस की नाही?"

मी मेणाकडं बघितलं. मेण गार झालं होतं, आजोबांची कवळी डावीकडं झुकलेली.

बायकोनं कचेरीतूनच बँकेला फोन लावला, तक्रार लिहून घ्यायला लावली, तक्रारीचा नंबर घेतला. बँक म्हणाली, लवकर कळवलंत, प्रयत्न करू, काही दिवस लागतील. ताई अडीच वाजता गादीवाल्याकडं गेली आणि काही दिवस मागितले. गादीवाला म्हणाला, बोली पाचची आहे, आणि मागं ट्रक उभा आहे. मी चार ठिकाणी हात पसरले. दोघांनी माझा फोन बघून आधी आवाज ओळखून घेतला, मग पैसे नाहीत म्हणून सांगितलं.

पाच वाजता ताईनं किल्ली दिली. साडेपाचला मोठी गादी आत जाईना, म्हणून गादीवाल्याच्या माणसांनी दुकानाचं दार बिजागऱ्यांसकट काढून रस्त्यावर ठेवलं. पावणेसहाला ट्रक मागं घेताना दारावरून गेला.